नोंदवहीत न आलेली बाळे

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिही, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले. इतिहास म्हटला की शिवाजी महाराज आणि पानिपत, एवढेच आम्हां सातवी शिकलेल्या बायकांच्या डोळ्यांपुढे येते. पण बाळंतघराचाही इतिहास असतो, आणि तो आपल्याच राज्यात घडला आहे. तोच लिहिते.

आपल्या सरकारी दवाखान्यांची आखणी स्वातंत्र्याच्या आधीच झाली होती. १९४३ साली एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे. त्यांचा अहवाल १९४६ साली निघाला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, असे त्यात म्हटले होते. पुढे १९५२ पासून खेडोपाडी प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. डोंगराळ व आदिवासी भागात २० हजार वस्तीला एक आणि इतरत्र ३० हजारांना एक, असे प्रमाणही पुढे ठरले. कागदावर हिशेब चोख होता. पण त्या इमारतीपर्यंत कोण पोहोचते आणि कोण घरीच मरते, हे मोजायचे कोणी?

ते गडचिरोलीत मोजले गेले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या पतिपत्नींनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था काढली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. शंभरांतल्या ९२ जणींना बायकांचा कोणता ना कोणता आजार निघाला, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८. १९८९ साली हे विलायतेच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आले. तोवर सरकारी योजनांत बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब असे. अंगावर काढण्याची आपली सवय वहीत कशी उतरणार?

दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आदिवासींना विचारले, तुम्ही इस्पितळात का येत नाही? लोक म्हणाले, तेथे सगळे पांढरे कपडे घालतात. आम्ही पांढरे कापड मढ्यावर घालतो. शिवाय मोठ्या इमारतीत वाट चुकते आणि नातलगांना जवळ राहू देत नाहीत. मग झोपड्यांसारखा दवाखाना बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. मला ही गोष्ट फार आवडते. आपण सून आणायची तरी चार जणांना विचारतो, आणि एवढा दवाखाना बांधताना कोणी विचारीत नाही!

आता बाळांची हकिकत. १९९५ साली त्यांनी ३९ गावांत काम सुरू केले. प्रत्येक गावातली पाचवी ते दहावी शिकलेली एक बाई निवडून तिला तयार केले. म्हणजे माझ्याइतक्याच शिकलेल्या, भगिनींनो! पहिल्या वर्षी त्यांनी ७६३ नवजात बाळे घरीच जाऊन पाहिली आणि लिहून ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना औषधोपचाराची गरज होती. तो मिळाला होता शंभरांत तिघांनाही नाही.

मग या बायका ताप मोजायला, वजन करायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला आणि जंतुदोष ओळखून सुईदेखील टोचायला शिकल्या. सुई डॉक्टरनेच टोचावी अशी आपली समजूत, आणि ती अगदीच चुकीची नाही. पण डॉक्टर वीस कोसांवर असेल तर? कामाआधी त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात जात. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५ च्या आसपास आला. ज्या ४७ गावांत हे काम नव्हते तेथे तो साठाजवळच राहिला. ही तुलना करता आली, कारण दर सहा महिन्यांनी माणसे घरोघर फिरून जन्ममृत्यू पुन्हा तपासून पाहत. नाहीतर कोणीही म्हणेल, आमच्या कामाने फरक पडला.

माझे पहिले बाळ २००१ साली माहेरी गेले. पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी ते निपचित पडले. बारसे झाले नव्हते, म्हणून नाव नाही. नाव नाही म्हणून गावाच्या नोंदीत त्याचा जन्म नाही आणि मृत्यूही नाही. त्याच वर्षी राज्यातल्या बालमृत्यूंवर 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला. अशी कितीतरी बाळे सरकारी वहीत येतच नाहीत, असे त्यात दाखवले होते. मला हे पुष्कळ वर्षांनी कळले. तोवर मला वाटे की हे माझ्याच घरी झाले.

पुढे २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान निघाले आणि गावोगाव आशाताई आल्या. २०११ पासून नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा फेऱ्या, आणि बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची सातवी, असे देशभर ठरले. गडचिरोलीचीच ती रीत. १९५१ च्या सुमारास देशात हजारी १४६ बाळे वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ होता आणि महाराष्ट्रात १६.

पण आकडा खरा असेल तरच त्याला मोल. एका ठिकाणी मी स्वतः पाहिले, वजनकाटा मोडून पडलेला आणि वहीत ओळीने प्रत्येक बाळ अडीच किलोचे! ठिकाणाचे नाव लिहीत नाही. लिहिणाऱ्या मुलीवर तरी राग कसा धरावा? तिच्याकडून आकडे हवे होते, पण काटा तिला कोणी दिला नव्हता.

मागच्या महिन्यात आमच्या आळीत आशाताई माहिती घ्यायला आल्या होत्या. मुले किती, असे त्यांनी मला विचारले. मी दोन म्हणाले. त्या लिहू लागल्या, तेव्हा मी थांबवून सांगितले, तीन झाली, पहिले सहाव्या दिवशी गेले. त्यांच्या कागदावर जुन्या मृत्यूसाठी रकाना नव्हता. त्यांनी समासात लिहून घेतले.