आधी गणित, मग कुस्ती

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रॅलीवरून वाद झाला. आमच्या टीममध्ये दोघे कट्टर रॅलीवाले आहेत. एकाचं म्हणणं, जो सर्वात वेगात तोच चॅम्पियन. दुसऱ्याने लगेच 2003 सालचं जागतिक विजेतेपद काढलं. त्या वर्षी पीटर सोल्बर्गला 72 गुण आणि सेबॅस्टियन लोएबला 71. एका गुणाने!! शेवटच्या वेल्सच्या रॅलीत लोएबला कंपनीने सबुरीने घ्यायला सांगितलं होतं, कारण कंपन्यांचं वेगळं विजेतेपद हातचं घालवायचं नव्हतं. म्हणजे एक शर्यत जिंकणं वेगळं आणि अजिंक्यपद जिंकणं वेगळं. दुसऱ्यात गाडीइतकंच गणितही चालवावं लागतं.

हे ऐकताना मला गोळेश्वर आठवलं. कोणाला काही कळेना. साहजिक आहे. कराडच्या अगदी शेजारचं गाव, सातारा जिल्हा, आणि तिथे रॅलीचा ड्रायव्हर वगैरे कोणी झालेला नाही. पण तिथले खाशाबा जाधव (जन्म 15 जानेवारी 1926) नेमक्या याच प्रश्नाला सामोरे गेले होते.

आमच्याकडची कुस्ती म्हणजे काय, तर जत्रेचा फड. हलगी कडाडत असते, जोड ठरलेली असते, रेवड्या-नारळापासून मोठ्या इनामापर्यंत कुस्त्या लागतात. एक जोड, एक निकाल. पाठ मातीला लागली की संपलं. कुस्ती निकाली झाली तरच पैसे वसूल, ‘बरोबरीत सोडवली’ म्हटलं की पब्लिक तोंड वाकडं करतं. दिवसाला एकच कुस्ती, त्यामुळे पैलवानाने होतं नव्हतं ते सगळं त्या एकीत ओतायचं. यात चॅम्पियनशिप नावाची गोष्टच नाही. तीन-चार दिवस वेगवेगळ्या देशांच्या अनोळखी पैलवानांशी लढा, वजन सांभाळा, पुढच्या कुस्तीसाठी दम राखून ठेवा, हे कुठल्या वस्तादाने शिकवायचं?

1948 ला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. खाली मातीऐवजी गादी. तिच्यावर पाय वेगळे पडतात, पकड वेगळी बसते, नियमही वेगळे. 52 किलोच्या गटात ते सहावे आले. पहिल्याच खेपेला सहावा म्हणजे खरं तर कमालच, पण खाशाबा कमाल करायला गेले नव्हते. परत आल्यावर त्यांनी पुढची चार वर्षं त्या सहाव्या क्रमांकाचा हिशोब चुकता करण्यात घालवली. वरच्या 57 किलोच्या गटात गेले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव, तो गादीवर चालेल असा बसवला. अंगकाठी लहान, पण चपळाई अशी की समोरच्याला हात कुठे घालावा ते कळू नये.

आणि पैसे? हा या गोष्टीतला सर्वात लाजिरवाणा भाग. हेलसिंकीचं तिकीट काढायला सरकारी मदत वेळेवर मिळेना. शेवटी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण! (आपल्यापैकी किती जणांच्या मॅनेजरने साधी रजा तरी सरळ मंजूर केलीय?) बाकीचे पैसे गावाने आणि ओळखीपाळखीच्यांनी गोळा केले.

आता गणित. त्या वेळच्या ऑलिंपिक कुस्तीत गुण मिळवायचे नसत, टाळायचे असत. समोरच्याला चीतपट केलंत तर खात्यावर शून्य. गुणांवर जिंकलात तर जिंकूनही एक दंडगुण. हरलात तर आणखी जास्त. पाच दंडगुण जमले की घरी. शेवटी तिघे उरले की त्यांच्यातच पदकं ठरायची. प्रोग्रामर मंडळींना यातली गंमत लगेच कळेल. निव्वळ जिंकत राहणं पुरेसं नाही, कसं जिंकता त्यालाही किंमत आहे. आणि गंमत म्हणजे इथे मातीतला संस्कार उपयोगी पडतो, कारण चीतपटला शून्य! खाशाबांनी कॅनडाच्या पॉलिक्विनला आणि मेक्सिकोच्या बासुर्टोला चीत केलं, जर्मनीच्या श्मिट्झला गुणांवर हरवलं आणि शेवटच्या तिघांत पोचले.

तिथे जपानचा शोहाची इशी. पंधरा मिनिटं दमवणारी कुस्ती, त्यात खाशाबा हरले. आणि सांगतात की लगेच पुकारा झाला, सोव्हिएत संघाच्या ममदबेकोवशी लढायला या. नियमाने मध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती. पण हे पंचांना सांगायला, भांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख 23 जुलै 1952. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं, लिअँडर पेसचं.

मला त्या अर्ध्या तासाचं फार वाटतं. चार वर्षांची तयारी, घर गहाण, वजनाचा गट, सगळं जमवून आणलं आणि नियम वाचलेला एक माणूस शेजारी नव्हता! रॅलीत शेजारी नकाशा आणि घड्याळ घेऊन को-ड्रायव्हर बसतो. यांचा को-ड्रायव्हर त्या दिवशी कुठे होता कोण जाणे.

परत आल्यावर मात्र लोकांनी कसर ठेवली नाही. कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत 151 बैलगाड्यांची मिरवणूक. (आमच्या भागातली पहिली रॅली हीच म्हणायची!) एरवी पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी सात तास लागले म्हणतात. मग खाशाबा पुन्हा मातीत उतरले. कोल्हापुरात कुस्त्या घेतल्या, जिंकल्या आणि ते पैसे खर्डेकर सरांचं घर सोडवायला दिले. 1955 मध्ये ते पोलिसात फौजदार झाले. 1956 च्या मेलबर्नला गुडघ्याने दगा दिला. 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला 2000 चा, मरणोत्तर. असो.

पण त्यांनी पाडलेल्या वाटेवर माणसं लगेच दिसायला लागली, तीही शेजारच्या सांगली जिल्ह्यातून. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर (1960 चे हिंदकेसरी) आणि कवठे पिरानचे मारुती माने (1964 चे हिंदकेसरी). 1962 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाईलमध्ये रौप्य घेतलं, मानेंनी बरोबर उलट, फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हातच लावायचा नसतो. म्हणजे पट काढणं, टांग मारणं, लहानपणापासून घोटलेलं अर्धं भांडवल दाराबाहेर ठेवून आत जायचं. मला वाटतं, हा पराक्रम आपण नीट मोजलेलाच नाही.

महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींकडचे विजेते शेवटी भिडतात. एकदा गावी टीव्हीवर ही फायनल लागली होती. शेजारी आमचे तात्या, वय ऐंशीच्या घरात, तरुणपणी बरेच फड गाजवलेले. निकाल गुणांवर लागला तसे ते कोपरी चाचपत उठले.

“तात्या, बसा की. आता गदा देणार आहेत.”

“गुणावर व्हय? पाठ कुठं लागली त्येची?”

मी त्यांना दंडगुणांचं गणित समजावायला लागलो. चीतपटला शून्य म्हटल्यावर ते पुन्हा खाली बसले आणि म्हणाले, “ह्ये आधी सांगायचं. खाशाबाचं काय झालं हुतं मग, सांग बघू पहिल्यापासनं.”