पोस्टग्रेसचा व्हॅक्यूम : दप्तरखान्यातून झाडूपर्यंत

मंडळी, पोस्टग्रेस शिकायला बसलं की एक प्रश्न हमखास पडतो. टेबलातल्या लाखभर नोंदी डिलीट केल्या, तरी डिस्कवरची फाईल तेवढीच कशी? उत्तरासाठी आपल्याला १९८६ सालच्या बर्कले विद्यापीठात जावं लागतं.

इंग्रेस हा डेटाबेस उभा केल्यावर मायकेल स्टोनब्रेकर यांनी तिथे नवा प्रकल्प हाती घेतला. नाव पोस्टग्रेस, म्हणजे इंग्रेसच्या नंतरचा. त्यात एक धाडसी निर्णय होता: जुनी नोंद खोडायची नाही. आपल्याकडे खतावणीत चुकलेला आकडा न खोडता खाली दुरुस्तीची नोंद घालतात ना, तसंच काहीसं. किंमत बदलली की नवी प्रत लिहायची, जुनी जागेवरच. यंत्र मध्येच बंद पडलं तर सावरणं सोपं, हा एक फायदा. दुसरा जास्त गमतीचा: अमुक तारखेला या टेबलात काय होतं, असं विचारता येई. याला कालप्रवास म्हणत. साचलेल्या प्रती संग्रहात हलवायला 'व्हॅक्यूम क्लीनर' नावाचा वेगळा प्रोग्रॅम योजला होता. म्हणजे हा मुळात झाडूवाला नव्हताच, दप्तरखान्यातला कारकून होता!

१९९४ मध्ये बर्कलेचा प्रकल्प संपला. अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्यात एसक्यूएल आणलं, १९९६ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल हे नाव पडलं आणि काम स्वयंसेवकांकडे आलं. कालप्रवासाने वेग कमी होई आणि जागा खाल्ली जाई, म्हणून १९९७ च्या ६.२ आवृत्तीत तो काढून टाकला. नव्या प्रतीची सवय मात्र राहिली. १९९९ च्या ६.५ आवृत्तीत तिचाच उपयोग करून वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी थांबावं लागू नये अशी सोय झाली. आज पोस्टग्रेसचं जे कौतुक होतं, त्यातलं बरंचसं या सोयीचं आहे, असं आम्हाला वाटतं.

पण तिची किंमत आहे. व्यवहारांचे क्रमांक ३२ बिटांचे. सफाई फारच मागे पडली आणि सुमारे २०० कोटी व्यवहारांची मर्यादा जवळ आली, तर सर्व्हर नवं लिखाण घ्यायचंच नाकारतो. म्हणून २००५ च्या ८.१ मध्ये स्वयंचलित व्हॅक्यूम सर्व्हरच्या आत आला आणि २००८ च्या ८.३ पासून तो आपोआप चालू असतो. 'मशीन हळू चालतंय, बंद करून टाका' हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो ऐकू नका.

काम अजून संपलेलं नाही. सप्टेंबर २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत मेलेल्या नोंदींची यादी ठेवायची पद्धत बदलली, आणि व्हॅक्यूमला लागणारी मेमरी वीस पटींपर्यंत कमी होऊ शकते. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत डिस्कवरून वाचण्याची असिंक्रोनस पद्धत आली. तिचा फायदा व्हॅक्यूमलाही मिळतो.

आता आपल्या प्रश्नाचं उत्तर: साधा व्हॅक्यूम मोकळी जागा त्याच टेबलाच्या पुढच्या नोंदींसाठी ठेवतो, सहसा डिस्कला परत देत नाही.

वाचायचं असेल तर आधी अधिकृत दस्तऐवजातलं 'रूटीन व्हॅक्यूमिंग' वाचा. इंग्रजी सोपं आहे. मग एगोर रोगोव्ह यांचं अंतर्रचनेवरचं पुस्तक. त्याची पीडीएफ मोफत मिळते. पण त्याआधी घरी एक करा. एका नोंदीचं टेबल बनवा, तीनदा अपडेट करा आणि दर वेळी सीटीआयडी हा लपलेला रकाना मागवून बघा. नोंद एकच, पत्ता मात्र दर वेळी नवा. मग व्हॅक्यूम चालवून चौथ्यांदा अपडेट करा.