थर मुरण्याआधी

श्रोतेहो, आपल्या भोकरच्या घरांतला रांजण आठवा. पाणी रोज बदललं, तरी चार दिवस घासला नाही की आतून बुळबुळीत लागायचा. मग आई राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसायची. तो बुळबुळीत थर म्हणजेच बायोफिल्म: जिवाणूंनी मिळून बांधलेलं घर.

हे घर पहिल्यांदा पाहिलं हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी, १६८० च्या दशकात. दातांवरचं कीटण त्यांनी भिंगाखाली धरलं. व्हिनेगरनं चूळ भरून पाहिली, तर वरचे जीव मेले, आतले वळवळतच राहिले. म्हणजे अडचण तेव्हाच दिसली होती. पण पुढं ती नजरेआड झाली.

का झाली? १८८१ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी एकेक जिवाणू वेगळा काढून वाढवायची पद्धत दाखवली. त्यातून क्षयाचा जंतू सापडला, हे उपकार मोठेच. पण शास्त्राला सवय लागली ती एकट्या जिवाणूची. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिन इथंच बनू लागलं. ही औषधंही पारखली जात ती प्रामुख्यानं सुट्या जिवाणूंवर. १९७८ मध्ये कॉस्टरटन यांनी ठासून सांगितलं, की जिवाणू बहुधा चिकटून, समूहानं राहतात. लघवीची नळी, कृत्रिम गुडघा, मधुमेह्याच्या पायाची जखम, इथं औषध देऊनही दुखणं उलटतं, त्याचं एक कारण हे.

मग घरावरच घाव घालावा, असा विचार आला. या घराच्या भिंती शर्करांच्या साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांच्या असतात. त्या तोडायचं काम विकरं, म्हणजे एन्झाइम्स, करतात. २००२ मध्ये स्युडोमोनास जिवाणूवर डीएनए तोडणारं विकर वापरलं. सुरुवातीपासून असलं तर थर धरेना, कोवळा थर विरघळला. मुरलेला मात्र फारसा बधला नाही. २००३ मध्ये डिस्पर्सिन-बी हे विकर पुढं आलं. गंमत म्हणजे ते तोंडातल्याच एका जिवाणूचं. घर सोडताना तोच ते वापरतो.

एक ध्यानात ठेवा. असं विकर जिवाणूला मारत नाही, उघड्यावर आणतं. सुटलेले जिवाणू दुसरीकडं पसरू शकतात, म्हणून जोडीला औषध लागतंच. आणि वेळ महत्त्वाची. घरात कुणाला नळी बसवली असेल, तर डॉक्टरांना रोज विचारा, ‘ही अजून लागते का?’ रांजण थर मुरण्याआधीच घासायचा असतो.