रेगेन्सबर्गचे न्यायालय, मद्यपी चालक आणि पिवळे पाकीट

रेगेन्सबर्गमध्ये मद्यप्राशन करून मोटार चालवल्याचा आरोप ज्याच्यावर येतो, त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागतेच असे नाही. अपघात न घडलेल्या साध्या प्रकरणाचा निकाल सहसा कागदावरच लागतो. सरकारी अभियोक्त्यांचे कार्यालय शिक्षेचा मसुदा तयार करते, आम्ट्सगेरिष्ट म्हणजे प्राथमिक स्थानिक न्यायालयाचा न्यायाधीश तो तपासून मंजूर करतो आणि आदेश टपालाने घरी येतो. या आदेशाला ‘श्ट्राफबेफेल’ म्हणतात. बीएमडब्ल्यू किंवा इन्फिनिऑनसारख्या उद्योगांमुळे येथे आलेल्या मराठी अभियंत्याच्या मनातील खटला म्हणजे ‘तारीख’, वकिलांचे युक्तिवाद आणि पुन्हा पुढची तारीख. येथे तारखेची वाट पाहत बसलेल्या माणसाचा निकाल तोवर अंतिमही झालेला असू शकतो.

गुन्हा कोठे सुरू होतो, हे रक्तातील मद्यार्काच्या प्रमाणावर ठरते आणि ते प्रोमिलमध्ये मोजतात. भारतातील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ०.३ प्रोमिल. जर्मनीत ०.५ हा आकडा सर्वत्र ऐकू येत असल्याने येथील कायदा सैल असल्याचा समज होतो. तो चुकीचा आहे. ०.३ पासून पुढे गाडी वाकडीतिकडी चालणे, लाल दिवा न दिसणे अशी मद्याच्या परिणामाची खूण आढळली, तर दंडसंहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी गुन्हा होऊ शकतो. अशी कोणतीही खूण नसताना ०.५ ते १.०९ हा नियमभंग असतो: पहिल्या वेळी ५०० युरो दंड, दोन गुण आणि एक महिना वाहनबंदी. बव्हेरियात पोलिसांकडून आलेली ही दंडाची प्रकरणे फीश्टाख येथील मध्यवर्ती कार्यालय हाताळते. आधीच्या दोन वर्षांत अशी बंदी झालेली नसेल, तर तो महिना केव्हा सुरू करायचा हे चालकाला चार महिन्यांच्या आत ठरवता येते. दिवाळीला गावी जाण्याच्या सुट्टीत तो बसवणारेही असतात. १.१ प्रोमिलला मात्र सगळेच बदलते. संघीय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ही रेषा १.३ वरून खाली आणली. तिच्यापुढे गाडी कितीही नीट चालत असली, तरी चालक अक्षम समजला जातो आणि प्रकरण फौजदारी होते. परवान्याची पहिली दोन वर्षे आणि वयाची २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत मर्यादा शून्य आहे.

वसंतातील आणि शरदातील डुल्ट या जत्रेच्या दिवसांत हा हिशेब विशेष चुकतो. तेथील ‘मास’ म्हणजे पूर्ण एक लिटर बिअर. “साहेब, दोनच घेतल्या,” हे उत्तर पोलिसांच्या नोंदीत जाते आणि पुढे आरोपीविरुद्धच उभे राहते. नाव, पत्ता, जन्मतारीख सांगणे बंधनकारक आहे, किती प्यायलो हे सांगणे नाही. रस्त्यावरील श्वासचाचणी ऐच्छिक असते; नकार दिल्यास संशयावरून रक्त घेतले जाते. २०१७ पासून अशा प्रकरणांत त्यासाठी न्यायाधीशाची पूर्वपरवानगी लागत नाही. १.१ चा फौजदारी आरोप रक्ततपासणीवर उभा राहतो, श्वासयंत्राच्या आकड्यावर नव्हे. परवाना पोलीस बहुधा त्याच रात्री ठेवून घेतात आणि नंतर न्यायालय तो तात्पुरता रद्द करते.

त्यानंतर काही आठवडे काहीच घडत नाही, आणि एके दिवशी टपालपेटीत पिवळे पाकीट पडते. त्यावर पोस्टमनने लिहिलेली तारीख ही आदेश बजावल्याची तारीख. आक्षेपासाठी त्या दिवसापासून दोन आठवडे मिळतात. पाकीट उघडले की नाही, घरात कोणी होते की नाही, याने सहसा फरक पडत नाही. मुदत संपली की आदेशाला निकालाचेच बळ येते. त्या काळात पुण्यात किंवा कोल्हापुरात असलेल्याने पूर्वस्थिती परत मिळवण्यासाठीचा अर्ज परत आल्यावर, अडथळा दूर झाल्यापासून एका आठवड्यात करावा लागतो, आणि आक्षेपही त्याच मुदतीत नोंदवावा लागतो. आक्षेप जर्मन भाषेत लेखी किंवा न्यायालयाच्या कार्यालयात तोंडी देता येतो. जर्मन न समजणाऱ्या आरोपीला श्ट्राफबेफेलचे लेखी भाषांतर मिळण्याची तरतूद न्यायालय-संघटना कायद्यात आहे. तिचा उपयोग फारच थोडे भारतीय करतात, असे दिसते.

आक्षेप घेणे नेहमीच शहाणपणाचे असते असेही नाही. सुनावणी झाली, तर न्यायाधीश आदेशातील शिक्षेला बांधलेला नसतो आणि ती वाढूही शकते. मात्र केवळ दंडाच्या दैनिक रकमेपुरता मर्यादित आक्षेप घेतला आणि संमती दिली, तर न्यायालय सुनावणीविना निर्णय देते, आणि त्यात रक्कम वाढवता येत नाही. हा मार्ग महत्त्वाचा आहे, कारण दंड ‘दिवसां’त मोजतात: मासिक निव्वळ उत्पन्न ३,००० युरो असेल, तर एक दिवस सुमारे १०० युरोंचा आणि ४० दिवसांचा दंड ४,००० युरोंचा होतो. उत्पन्न ठाऊक नसल्यास अंदाज बांधला जातो. पत्नी आणि मुले अवलंबून असलेल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या माणसाच्या बाबतीत तो अंदाज चढा निघू शकतो.

पैशापेक्षा दिवसांची संख्या अधिक गंभीर आहे. ९० दिवसांपर्यंतचा एकमेव दंड नोकरीसाठी मागितल्या जाणाऱ्या सामान्य चारित्र्य-प्रमाणपत्रात येत नाही, आणि नागरिकत्वाच्या अर्जातही एरवी दुर्लक्षिला जातो. पहिल्या, अपघातविरहित गुन्ह्यात दंड सहसा या रेषेच्या आत राहतो. दुसरा दंड झाला की दोन्हींची बेरीज होते. इतरांच्या जिवाला किंवा मोठ्या मालमत्तेला धोका निर्माण झाला असेल, तर कलम ३१५क लागते आणि शिक्षेची कमाल मर्यादा पाच वर्षांपर्यंत जाते.

परवान्याचा प्रश्न दंड भरल्याने सुटत नाही. १.१ च्या पुढे न्यायालय सहसा परवाना रद्दच करते आणि नवा मिळण्यास किमान सहा महिन्यांची मनाई घालते. ती संपल्यावर परवाना आपोआप परत येत नाही. शहरात राहणाऱ्याने महापालिकेच्या, तर नॉयट्राउबलिंगसारख्या गावात राहणाऱ्याने जिल्हा प्रशासनाच्या परवाना-कार्यालयात नवा अर्ज करायचा असतो. भारतीय परवान्यावर चालवणाऱ्याचा जर्मनीतील चालवण्याचा हक्क जातो. खिशातले कार्ड शाबूत आहे म्हणून गाडी काढणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

याच टप्प्यावर एमपीयू ही वैद्यकीय-मानसशास्त्रीय चाचणी येते. १.६ प्रोमिलपासून ती अनिवार्य आहे. बव्हेरियातील कार्यालये त्याखालीही, केवळ फौजदारी न्यायालयाने परवाना काढला या आधारावर ती मागत असत. लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने बव्हेरियातूनच आलेल्या प्रकरणांत ६ एप्रिल २०१७ रोजी ती प्रथा थांबवली. त्याच न्यायालयाने १७ मार्च २०२१ रोजी दुसरी बाजू स्पष्ट केली: १.१ किंवा अधिक मद्य असूनही ज्याच्या वागण्यात काहीच बिघाड दिसत नाही, त्याच्याकडून चाचणी मागता येते, कारण अशी सहनशक्ती सवयीनेच येते. “मी तर अगदी सरळ चालवत होतो,” हा बचाव त्यामुळे अंगावर उलटतो. परवाना-कार्यालयाच्या नकाराविरुद्धचा वाद फौजदारी न्यायालयात नव्हे, तर हाइडप्लाट्झ चौकातील प्रशासकीय न्यायालयात जातो.

गाडी घरी ठेवून सायकलने निघालेला माणूसही पूर्णपणे सुरक्षित नसतो. सायकलस्वार १.६ प्रोमिलला अक्षम मानला जातो; न्यायालय त्याचा मोटारपरवाना काढत नाही, परंतु परवाना-कार्यालय एमपीयू मागते आणि ती न दिल्यास परवाना जातो. भाड्याची ई-स्कूटर सायकलीसारखी वाटली, तरी बव्हेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ऑक्टोबरफेस्टहून परतणाऱ्या एका चालकाच्या प्रकरणात तिला मोटारवाहन मानले. तिला १.१ चीच रेषा लागू होते, आणि मोटारीचा परवानाही तिच्यापायी रद्द होतो.