‘कवच’ चुकणार नाही, हे ठरवतात कसं?

हैदराबाद : परभणी, परळी, उदगीर, भालकी, बिदर. आपल्या भागातून हैदराबादला दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी, कामधंद्यासाठी जाणाऱ्यांची ही नेहमीची वाट. दक्षिण मध्य रेल्वेने ज्या मार्गांवर ‘कवच’ ही टक्कररोधक यंत्रणा आधी बसवली, त्यात बिदर-परळी वैजनाथ-परभणी हा २४१ किलोमीटरचा मार्गही आहे. म्हणून विषय आपला.

४ मार्च २०२२ रोजी विकाराबादजवळ गुल्लागुडा ते चिटगिड्डा या स्थानकांदरम्यान तिची जाहीर चाचणी झाली. एकाच रुळावर समोरासमोर दोन इंजिनं सोडली. एकात खुद्द रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव बसले होते. दुसरं इंजिन ३८० मीटरवर असताना गाडी आपोआप थांबली. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं, टाळ्या वाजल्या.

यंत्रणा समजायला अवघड नाही. रुळांमधल्या स्लीपरवर छोटे आरएफआयडी टॅग असतात. त्यांच्यावरून जाताना इंजिनाला आपण कुठे आहोत ते कळतं. स्थानकातलं यंत्र सिग्नलची स्थिती रेडिओवरून इंजिनाला कळवतं. लोको पायलटने वेळेत ब्रेक लावला नाही, तर यंत्रणा लावते. ही बनवणाऱ्या पहिल्या तीन कंपन्या, मेधा, एचबीएल आणि कर्नेक्स, तिन्ही हैदराबादच्या. सिग्नलच्या लोकांना शिकवणारी ‘इरिसेट’ ही रेल्वेची संस्थाही सिकंदराबादलाच आहे.

आता खरा प्रश्न. ‘कवच’ला ‘सिल-४’ हा सुरक्षेचा सर्वांत वरचा दर्जा आहे. या दर्जाचा अर्थ असा की धोकादायक बिघाडाची शक्यता १० कोटी तासांत एकापेक्षाही कमी असली पाहिजे. आम्ही कॉमर्सवाले, आकडा दिसला की कॅल्क्युलेटर काढतो. एक इंजिन रात्रंदिवस चालवलं, तर १० कोटी तास भरायला सुमारे ११,४०० वर्षं लागतील. शंभर इंजिनं एकदम चालवली तरी ११४ वर्षं. म्हणजे नुसती गाडी चालवून बघून हा दर्जा सिद्ध होऊच शकत नाही.

त्यात सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळीच. लोखंड झिजतं, तार तुटते. सॉफ्टवेअर झिजत नाही. त्यातली चूक पहिल्या दिवसापासून असते, फक्त तिची वेळ यायची असते. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं कुठलाही जाणता मुनीम म्हणणार नाही. एखादी नोंद राहूनच गेली असेल, तरी तेरीज जुळतेच की.

इथे संगणकशास्त्रातलं फॉर्मल व्हेरिफिकेशन, म्हणजे गणिती पडताळणी, कामाला येते. आधी नियम गणिताच्या भाषेत मांडायचा : एका गाडीला दिलेल्या रुळाच्या तुकड्यावर दुसऱ्या गाडीला परवानगी कधीही मिळता कामा नये. मग प्रोग्राम कुठल्याही परिस्थितीत तो मोडत नाही, हे भूमितीतल्या प्रमेयासारखं सिद्ध करायचं. वाटतं तेवढं सोपं नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा दोनच अवस्था असलेल्या ४० गोष्टी एका स्थानकात धरल्या, तर त्यांच्या मांडण्या एक लाख कोटीच्या वर जातात. त्या एकेक न तपासता एकगठ्ठा कशा तपासायच्या, हेच या शास्त्रातलं संशोधन. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या टाटांच्या ‘टीआरडीडीसी’ संशोधन केंद्राने बनवलेलं ‘व्हेरीअॅब्स’ हे सी भाषेतले प्रोग्राम तपासणारं साधन. त्याने २०२० आणि २०२१ मध्ये या विषयाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका मुख्य गटात पहिला क्रमांक मिळवला.

रेल्वेत याचा सर्वांत गाजलेला दाखला पॅरिसचा आहे. तिथली चालकाविना धावणारी मेट्रो, लाइन १४, १९९८ मध्ये सुरू झाली. तिच्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरच्या सुमारे ८६ हजार ओळी ‘बी मेथड’ने सिद्ध केल्या होत्या, नंतरच्या चाचण्यांत त्या भागात चूक निघाली नाही. रेल्वे सॉफ्टवेअरचं युरोपीय मानकही वरच्या दर्जांसाठी या पद्धतीची जोरदार शिफारस करतं. चाचण्या करायच्याच, पण सोबत हेही.

मात्र सिद्धता कागदावरच्या रेल्वेची असते. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ बहानगा बाजार स्थानकात सिग्नल मुख्य मार्गाचा हिरवा होता आणि सांधा लूप लाइनला लागलेला. २९० हून अधिक माणसं गेली. त्या मार्गावर ‘कवच’ नव्हतं. पण चौकशीत दोष निघाला तो सिग्नलच्या वायरिंगमध्ये केलेल्या चुकीच्या बदलांचा. प्रोग्रामला वायरीतून खोटीच माहिती मिळाली, तर गणित काय करणार? म्हणून दुरुस्तीनंतर वायरिंग नकाशाप्रमाणे आहे का, हे पाहणारा सिग्नल विभागाचा माणूस गणितज्ञाइतकाच महत्त्वाचा.

१६ जुलै २०२४ रोजी ‘कवच’च्या ४.० या आवृत्तीला रेल्वेच्या ‘आरडीएसओ’ने मंजुरी दिली. आवृत्ती बदलली की जिथे जिथे प्रोग्राम बदलला, तिथली जुनी सिद्धता चालत नाही. तो भाग पुन्हा तपासावा लागतो.