वाहत्या माहितीचा अर्थ लावणारी संगणकीय प्रतिमाने

माहिती आधी साठवायची आणि मग सवडीने तपासायची, ही संगणकाची रूढ पद्धत. मात्र वीजजाळ्यासारख्या व्यवस्थेत तेवढी सवड मिळत नाही. अशा ठिकाणी माहिती येत असतानाच तिचा अर्थ लावणारी प्रतिमाने वापरली जातात. नवा रायपूर येथे छत्तीसगड शासन आणि एनटीपीसी यांच्या सहभागातून २०१५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत डेटा विज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या शाखेचे पदवी शिक्षण दिले जाते. ही प्रतिमाने याच ज्ञानशाखेत मोडतात.

वीजजाळ्याचा धडा

३१ जुलै २०१२ रोजी देशातील उत्तर, पूर्व आणि ईशान्य वीजजाळी कोलमडली. ६० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशाला त्याचा फटका बसला. महाराष्ट्र आणि छत्तीसगड ज्यात येतात, ते पश्चिम जाळे बचावले. त्यानंतर जाळ्याची स्थिती क्षणोक्षणी मोजणाऱ्या फेजर मापन यंत्रांवर भर देण्यात आला. सेकंदाला २५ नोंदी पाठवणाऱ्या एका यंत्राकडून दिवसाला २१ लाख ६० हजार नोंदी येतात.

कार्यपद्धती

यासाठी प्रामुख्याने तीन मार्ग आहेत. 'सरकत्या खिडकी'त केवळ अलीकडच्या ठरावीक काळातील नोंदी विचारात घेतल्या जातात. दुसऱ्या मार्गात नोंदींऐवजी त्यांचा गोषवारा जपला जातो. प्रवाहात वारंवार येणारे घटक मोजक्या गणकांच्या साहाय्याने ओळखण्याची रीत जयदेव मिश्र आणि डेव्हिड ग्रीस यांनी १९८२ मध्ये मांडली. अत्यल्प स्मृतीत अंदाज बांधण्यासंबंधीच्या १९९६ मधील संशोधनाबद्दल नोगा अलोन, योसी मॅटियास आणि मारिओ सेगेडी यांना २००५ चा गोडेल पुरस्कार मिळाला. तिसरा मार्ग शिकत राहण्याचा. प्रत्येक नोंद एकदाच पाहून वाढत जाणारा निर्णयवृक्ष पेड्रो डोमिंगोस आणि जेफ हल्टन यांनी २००० मध्ये सादर केला.

खरी कसोटी

प्रवाहाचे स्वरूप बदलत राहते. उन्हाळ्यातील विजेची मागणी पावसाळ्यात तशीच राहत नाही. जुने विसरण्यास प्रतिमानाने विलंब केला, तर ऋतुबदलालाच बिघाड समजून ते नाहक इशारे देते. घाईने विसरले, तर हळूहळू वाढणाऱ्या बिघाडालाच ते नेहमीची स्थिती मानू लागते. दोहोंपैकी दुसरी चूक अधिक घातक, कारण तिच्यात इशाराच मिळत नाही. त्यामुळे किती लक्षात ठेवायचे आणि किती विसरायचे, हे ठरवताना त्या क्षेत्रातील अभियंत्यांचा अनुभव निर्णायक ठरतो.