नाव सापडत नाही

गेल्या दिवाळीत एटापल्लीला मामांकडे होतो. मामेबहिणीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अर्ध्यावर अडकलेला, आणि मुदत संपायला दोनच दिवस. "दादा, साईट बंद आहे. उद्या अहेरीला जाऊन भरते," ती म्हणाली. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्याने जातात तोच हा रस्ता. तिचा पूर्ण दिवस त्यात गेला असता.

मोबाइलला रेंज होती. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला आणि आधी नुसता आकडा पिंग केला, ८.८.८.८. उत्तर आलं. मग साईटचं नाव टाकलं. 'होस्ट सापडला नाही.' म्हणजे रस्ता चालू होता, पत्ता सांगणारा गायब होता.

नेटवर्कवर एक मशीन दुसऱ्याला आकड्याने ओळखतं. नावावरून आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट मात्र तिच्याशिवायच चालायचा, एका यादीवर. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ही यादी सांभाळायचा. नवं मशीन आलं की त्यांना कळवायचं, ते फाइलमध्ये एक ओळ वाढवणार, आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. मशीनं मोजकी होती तोवर निभलं. पुढे फाइल हातात पडेपर्यंतच शिळी व्हायला लागली.

नेमक्या त्याच काळात आमच्याकडेही असंच काहीतरी चाललं होतं. सिरोंचाच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी सुमारे २०० किलोमीटरवरचं चंद्रपूर गाठावं लागायचं. २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. नोव्हेंबर १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला, त्यातही मुख्य कल्पना वाटणीचीच होती. सगळी नावं एकाने सांभाळायची नाहीत. वरच्याने फक्त 'पुढे कोणाला विचारायचं' एवढं सांगायचं. (जिल्हा झाला म्हणून एटापल्लीच्या खेपा संपल्या नाहीत, पण तो वेगळा विषय.)

चंद्रपूरहून सूरजागडला पहिल्यांदा निघालेला माणूस असाच पोहोचतो. गोंडपिपरीत विचारलं की आष्टीकडे बोट दाखवतात, आष्टीत आलापल्लीचं नाव सांगतात, तिथून एटापल्ली. डीएनएसमध्ये सगळ्यात वर रूट सर्व्हरची १३ नावं आहेत. ते 'डॉट इन' कोणाकडे आहे ते सांगतात, तिथून पुढचा पत्ता मिळतो. 'डॉट इन' भारताला १९८९मध्ये मिळालं. सुरुवातीला ते मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे होतं, २००५पासून निक्सीकडे आहे. २०१४मध्ये देवनागरी 'डॉट भारत'ही आलं.

दर वेळी एवढी चौकशी परवडत नाही, म्हणून मधला सर्व्हर उत्तर काही काळ लक्षात ठेवतो. सोय चांगली आहे, पण साईटने पत्ता बदलला तर ती मुदत संपेपर्यंत जुनाच पत्ता मिळत राहतो. शिवाय दुर्गम भागातले काही टॉवर उपग्रहावर चालतात. जवळपास ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली यायचं, तसंच परत यायचं, यात एका प्रश्नाला अर्धा सेकंद जातो. एका पानात दहा-बारा नावं विचारायची असली की पान मेल्यासारखं वाटतं.

म्हणून नकार कसा आलाय हे आधी बघायचं. 'असं नावच नाही' हे उत्तर आहे. तेव्हा स्पेलिंग तपासावं. सूरजागड हे नाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलंय. काहीच उत्तर न येणं हा निराळा रोग. मी एनएसलुकअप चालवलं. मोबाइल कंपनीचा सर्व्हर गप्प. तोच प्रश्न ८.८.८.८ला, म्हणजे गूगलने २००९मध्ये सुरू केलेल्या सार्वजनिक सर्व्हरला विचारला, तर उत्तर लगेच हजर. साईट मुळात बंद नव्हतीच. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलला आणि पान उघडलं.

फॉर्म रात्री अकराला गेला. जातीच्या दाखल्याची फाइल मोठी निघाली, ती लहान करण्यातच जास्त वेळ गेला. कंपनीचा सर्व्हर सकाळी आपोआप बोलायला लागला. मामांनी ८.८.८.८ हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, गॅस एजन्सीच्या नंबरखाली.